जोड कोणाच्या हातचा

मिस्त्री लग्नाला गेला की आधी मांडव वाजवून बघायचा. खांद्याच्या पिशवीत छोटी हातोडी असायची. ती काढायची, लोखंडी कमानीच्या एकेका जोडावर हलकेच मारायची, कान लावायचा आणि मगच पंगतीला बसायचं. एखाद्या जोडाचा आवाज आवडला नाही, तर तिथून लांब जाऊन बसायचा आणि आजूबाजूच्यांनाही ताटासकट उठवायचा. मुलीकडची माणसं चिडायची. एकदा नवऱ्या मुलाच्या मामानं त्याला विचारलं, "मिस्त्री, जेवायला आलात का चेकिंगला?" मिस्त्री म्हणाला, "जेवायलाच आलो. म्हणून तर बघून राह्यलो."

बाजारात उभ्या असलेल्या अनोळखी ट्रॉल्यांच्या हुकावर तो असाच ठोका मारायचा. जाफराबादच्या गाडीत बसायच्या आधी सीटचे पाय हलवून बघायचा. जांब समर्थला दर्शनाला गेला, तर आधी बाहेरची रांगेची रेलिंग, मग देव.

तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो. इथं मनात म्हणतो तसंच लिहितो. माझा त्याच्यावर राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्याचं वेल्डिंगचं पत्र्याचं शेड होतं. मी त्याच्याकडे आलो तो काही कुणी हात धरून आणून सोडलेला पोरगा नव्हतो. मी सायकलवर भंगार गोळा करून वर आलेला, लेकराबाळांचा माणूस. भंगारवाल्याला लोखंड कळतं आणि गिऱ्हाईक कळतं. मिस्त्रीला पहिलं कळायचं, दुसरं अजिबात नाही. म्हणून मी त्याच्यासमोर भागी मांडली. माल मी आणीन, सौदा मी करीन, जोड त्यानं मारायचा. तो बराच वेळ माझ्या हातांकडं बघत बसला आणि म्हणाला, "सौदा कर. पण जोडाच्या मधात बोलायचं न्हाई."

मी बोललो नाही. माझ्या सौद्यात मात्र तो रोज बोलला.

माझी पद्धत अशी होती की गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बसवायचं, जारचं थंड पाणी द्यायचं, त्याच्या घाईचा अंदाज घ्यायचा. घाई जितकी जास्त तितका माझा आवाज बारीक. सौदा जमत आला, गिऱ्हाईकाची मान हलायला लागली, की मागून मिस्त्रीचा आवाज यायचा. "हे आज व्हत न्हाई." किंवा, "हे जोडण्यासारखंच न्हाई, नवीन घ्या." मी वळून डोळे वटारायचो. तो वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घ्यायचा. काचेच्या आड गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

एकदा मी चिडून हातातला पाना पत्र्यावर फेकला. त्यानं तो शांतपणे उचलून आणला, पुसला आणि जागेवर ठेवला. म्हणाला, "व्यापारी, तुझं बीपी वाढून राह्यलंय. मीठ कमी कर."

मला तो व्यापारीच म्हणायचा. नावानं कधी हाक मारली नाही.

हळूहळू मी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. त्यानं शिकवलं असं म्हणता येणार नाही, कारण शेजारी उभं राहून घाबरवणं हीच त्याची शिकवायची रीत होती. त्याची भीती सर्दीसारखी होती, शेजारच्याला लागायची. रंगावर जोड मारलास तर तो रंगाला चिकटतो, लोखंडाला न्हाई. आधी घास, लोखंड पांढरं दिसेपर्यंत घास. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळ लाव, बेअरिंगच्या पलीकडं लावलास तर बेअरिंग जाईल. आधी चारी कोपऱ्यांना टाके मार, समोरासमोरचे, नाहीतर चौकट बाजेसारखी वाकडी होईल. रॉडचा आवाज ऐक, तेलात भजं सुटल्यासारखा एकसारखा पाहिजे. लाह्या फुटल्यासारखा तडतडला की रॉड ओला आहे नाहीतर हात लांब गेलाय.

रॉड ओले होऊ नयेत म्हणून तो ते उन्हात वाळत घालायचा, घरी, बाजेवर, बायकोच्या कुरडयांच्या शेजारी. त्याची बायको मला म्हणायची, "भाऊ, तुम्ही तरी सांगा ह्यांना. पाहुण्याला कुरडई म्हणून रॉड तळला जाईल एक दिवस." आभाळ आलं की ती कुरडयांकडं धावायची आणि तो रॉडांकडं.

कुणी पत्र्याची टाकी किंवा पिंप जोडायला आणलं, की तो त्यात नाक घालून हुंगायचा. डिझेलचा वास आला की पिंप रस्त्यापलीकडे नेऊन ठेवायचा आणि धुऊन पाण्यानं भरेपर्यंत कुणाला विडीही ओढू द्यायचा नाही. जोड मारताना बघ्यांना दम द्यायचा, "पाठ करा, पाठ करा, डोळ्यात रेती पडल्यासारखं व्हईल, मंग रातभर डोळ्यावर बटाट्याचे काप ठेवून बसाल." त्यामुळे आमच्या शेडात गिऱ्हाईकं हायवेकडं तोंड करून रांगेत उभी असायची. येणारी-जाणारी माणसं विचारायची, काय झालं, कुणाची गाडी यायचीय?

आणि पाणी. गरम जोडावर पाणी टाकायचं नाही, ही त्याची सगळ्यात मोठी बोंब. आमच्या भागातल्या माणसाला निळा-लाल जोड बघवत नाही. जोड झाला की शेतकरी, ट्रॅक्टरवाला, जो कोण असेल तो, दिसेल ते पाणी उचलतो आणि ओततो. चर्र आवाज झाला, वाफ निघाली, की काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं त्याला. मिस्त्री पाण्याचा जार हातानं अडवून उभा राहायचा. "अरे, तापलेल्या माणसाला गार पाण्यात ढकललं तर त्याला काय व्हतं? थंडं व्हऊ दे त्याच्या त्याच्यानं." गिऱ्हाईक म्हणायचं, वेळ नाही. तो म्हणायचा, "मंग मोडून घ्यायला वेळ हाय का?"

इतकं सगळं मी ऐकलं, केलं, तरी माझ्या एकाही जोडाला त्यानं चांगलं म्हटलं नाही. हातोडी मारायचा, ऐकायचा, पुढच्या कामाकडं जायचा. 'बराबर' एवढा एक शब्द. तो खर्च करायला काय जात होतं त्याचं?

त्या दिवशी मिस्त्री डोळे दाखवायला अंबडला गेला होता. सकाळीच एक क्रेनवाला आला. विहीर खोदताना काठावर जी क्रेन उभी करतात तिचा तो मालक. एक खांब, त्याला आडवा हात, हाताच्या टोकाला चाक, त्यावरून तारेचा दोर आणि दोराला बकेट. दगड त्या बकेटमधून वर येतो आणि माणसंही त्याच बकेटमधून खाली-वर करतात. त्याच्या क्रेनचा आडवा हात खांबाजवळ चिरला होता. हात पिकअपमध्ये घालून आणला होता आणि स्वतः एका जागी उभा राहत नव्हता.

"शेट, जल्दी करा. मजूर बसून राह्यलेत माझे."

घाई बघून माझा आवाज बारीक झाला. सौदा माझ्या मनासारखा झाला. मी चीर पूर्ण घासून काढली, दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची खोल खाच पाडली, थरावर थर चढवला, प्रत्येक थराची खपली पाडली. वरून पट्टीचा आधारही दिला. तो जोड मी मन लावून मारला होता. मिस्त्री नव्हता म्हणून जास्तच.

काम संपलं तेवढ्यात हायवेवर एक ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला, मी त्याला बोलायला पुढे गेलो. आणि मागून चर्र असा आवाज आला. वळून बघतो तर क्रेनवाला जारचं थंडगार पाणी जोडावर ओततोय. मी ओरडलो. तोवर वाफ पत्र्याला लागली होती.

"काय शेट, पाण्याचाही खर्चा लावता का?" तो हसत म्हणाला.

मी त्याला शिव्या दिल्या. थोडा वेळ थांब म्हटलं. थांबला नाही. मजूर बसलेत, मजूर बसलेत, हेच चाललं होतं त्याचं. मी जोडावर हातोडी मारली, आवाज चांगला आला, डोळ्याला काही दिसलं नाही. त्यानं हात पिकअपमध्ये टाकला आणि गेला.

मिस्त्री दुपारी आला. डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा. जोडकामाच्या लोखंडी स्टँडखाली वाळलेल्या पाण्याचा डाग होता. चष्म्यातूनही तो त्याला दिसला.

"काय जोडलं?"

मी सांगितलं.

"पाणी टाकलं?"

"मी न्हाई टाकलं. त्यानं टाकलं. मी पुढं गेल्तो."

"पाणी कोणी टाकलं ते सोड. जोड कोणाच्या हातचा?"

 तोवर तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसलासुद्धा होता. "चल," म्हणाला.

क्रेनवाल्याला मी फोनवर फोन लावत होतो. रिंग जात होती, उचलत नव्हता. इंजिन चालू असलं की विहिरीवर काही ऐकू येत नाही. आणि इंजिन चालू आहे याचाच अर्थ क्रेन चालू आहे. हायवे सोडून कापसाच्या रानातल्या कच्च्या रस्त्याला लागलो. मिस्त्री मागून एकच म्हणत होता, "हळू नको, पण पाडू नको." माझ्या डोक्यात संताप होता. एवढा चांगला जोड मारला आणि हा माणूस तो जोड बघायच्या आधीच मला चोरासारखा पळवतोय.

पोचलो तेव्हा बकेट दगडांनी भरलेली, विहिरीच्या मधोमध लोंबत होती. खाली तळाला दोन माणसं, एक मामा आणि त्याचा भाचा. वर मामाची बायको पाण्याची कळशी घेऊन बसलेली. मिस्त्रीनं काठावरूनच दोन्ही हात वर केले. क्रेनवाल्यानं ब्रेक दाबला. बकेट जागेवर झुलायला लागली.

मिस्त्री विहिरीत वाकून ओरडला, "दोघं भिंतीला चिकटा. इकडच्या न्हाई, तिकडच्या." मग क्रेनवाल्याला म्हणाला, "आता सोड खाली. जीव लावून सोड."

बकेट खाली टेकली. दोर सैल पडला. मग माझ्या लक्षात आलं की खरी अडचण आता आहे. विहीर कापीव दगडाची, अजून पायऱ्या नाहीत. माणसांना वर यायला ही बकेट सोडून रस्ता नव्हता.

क्रेनवाला खाली उतरून आला. "काय झालं? कितीतरी बकेटा निघाल्या जोडून आणल्यापासून. काही झालं न्हाई."

 मिस्त्रीनं इंजिनातलं थोडं डिझेल चिंधीवर घेतलं, जोडाला सगळीकडून चोळलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि पिशवीतला खडू वरून घासला. बारीक चीर असली तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. आम्ही सगळे त्या खडूकडं बघत उभे राहिलो. विहिरीतून मामाचा आवाज आला, "काय हाय वो?" 

खडू पांढराच राहिला.

"बघा," क्रेनवाला म्हणाला. "आणि दगडापेक्षा माणसाचं वजन कमीच हाय ना? येऊ द्या वर दोघांना. मंग काय तपासायचं ते तपासा."

त्याचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. मलाही तेच म्हणायचं होतं. मी मिस्त्रीकडं बघितलं. त्यानं काळा चष्मा काढला. डोळे लाल, पाणी गळणारे.

"वरून काही दिसत न्हाई," तो म्हणाला. "आत काय झालं ते मला न्हाई सांगता येत. जोड ह्याचा हाय." मग माझ्याकडं वळला. "तू सांग. बसवायचं का माणसं?"

आजूबाजूच्या रानातली माणसं गोळा झाली होती. ओळखीची, पुढं-मागं माझी गिऱ्हाईकं होणारी. मी हो म्हटलं असतं तर बकेट वर आली असती, मिस्त्री येडा ठरला असता आणि माझं नाव झालं असतं. आधी रिकामी बकेट चढवून बघू म्हणायची सोय नव्हती. क्रेनचा हात तुटला असता तर खालच्यांच्याच डोक्यात गेला असता.

मामाची बायको उठली. कळशी तिथंच ठेवली. माझ्याजवळ येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भाऊ, पक्का हाय ना जोड?"

मी तिच्याकडं न बघता जोडाकडं बघितलं. मला फक्त तो चर्र आवाज ऐकू येत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "सांगता येत न्हाई. न्हाई बसवायचं."

कुणीतरी हसलं. क्रेनवाल्यानं कपाळाला हात लावला. मिस्त्रीनं चष्मा परत घातला आणि कामाला लागला, जणू मी वेळ सांगितली होती. शेजारच्या वस्तीवरून नायलॉनचा जाड दोर आणला, समोरच्या काठाला लाकडी ओंडका आडवा टाकला, टायरच्या ट्यूबचा फास काखेत घालायला लावला. आधी भाचा, मग मामा. सगळे मागे मागे चालत दोर ओढत होतो. मी सगळ्यात पुढे, काठाला होतो. भाचा अर्ध्यावर आला तेव्हा फिरला आणि खडकाला घासला, आणि खालून मामा त्याला सांगत होता, "डोळे मीट, डोळे मीट." मामा वर आला तेव्हा त्याच्या बायकोनं कळशी पुढे केली.

मग परीक्षा झाली. क्रेनवाल्यानं मुद्दाम मोठाले दगड जिथून मिळाले तिथून आणले, बकेट नेहमीपेक्षा जड केली, खाली सोडली, वर घेतली. पुन्हा सोडली, पुन्हा घेतली. मधेच झटका देऊन थांबवली. जोड हलला नाही. तार करकरली, खांब करकरला, माझा जोड मात्र तसाच राहिला.

"शेट," क्रेनवाला मला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमचं काम पक्कं हाय. तुम्हीच कच्चे."

तेव्हा लोक जे हसले ते हसू अजून संपलेलं नाही. पुढं कितीतरी दिवस सौदा मोडायचा असला की गिऱ्हाईक मला तेच ऐकवायचं. "ऱ्हाऊ द्या शेट, तुमचाच तुमच्या जोडावर भरोसा न्हाई." माझा राग ह्याचाच आहे. मिस्त्रीनं तेव्हा स्वतः निर्णय दिला असता तर काय बिघडलं असतं? तो मोठा होता, त्याचं नाव होतं, त्याला येडं म्हणायची लोकांना सवय होती. तो 'न्हाई' शब्द त्याच्या तोंडी सहज खपला असता. तो त्यानं माझ्या तोंडून काढून घेतला.

आणि एवढ्यावर तो थांबला नाही. क्रेनवाल्याच्या पिकअपमधून शेडातलं वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर मागवला, शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढली, ग्राइंडर लावला आणि क्रेनचा हात खाली उतरवून माझा जोड मधोमध कापला. आडवा, आरपार. मी म्हणालो, "आता कशाला? टिकला ना?" ग्राइंडरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल.

खांबाकडचा आखूड तुकडा त्यानं पाण्यात नाही, सावलीत ठेवला. निवल्यावर उचलला, घासून लखलखीत केला, डोळ्यांशी नेला. आत एक टाचणीएवढंही भोक नव्हतं. जोडाचं लोखंड कुठं संपतं आणि मूळ लोखंड कुठं लागतं ते ओळखू येत नव्हतं. चीर नव्हती. पाण्यानं काही केलं नव्हतं.

"चांगला व्हता," मिस्त्री म्हणाला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि तेही दोन तुकडे झाल्यावर.

मला त्याच्या हातातला तुकडा हिसकून विहिरीत फेकावा वाटला. "चांगला व्हता तर कापला कशाला? खडूवर काही आलं न्हाई, एवढे दगड चढवले तरी काही झालं न्हाई. मंग?"

"तू न्हाई म्हणला ना."

"तुम्ही विचारलं म्हणून म्हणालो."

"मंग? ज्याचा जोड तोच न्हाई म्हणला, तर मी कोण ठेवणारा?" त्यानं तुकडा माझ्या हातात दिला. "पुन्हा मार. सावकाश मार. पाण्याजवळ मी बसतो."

मी पुन्हा मारला. तीच माणसं, तोच क्रेनवाला, सगळे पाठी करून उभे, फक्त तोंडं हायवेकडं नाही, रानाकडं. मिस्त्री कळशी मांडीशी धरून बसला होता. मामाची बायको म्हणाली, मला प्यायला तरी द्या, तर त्यानं आपल्या हातानं ओतून दिलं आणि कळशी परत जवळ ओढली. दिवस मावळेपर्यंत जोड आपोआप निवला. कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेड उघडायचं सोडून मी विहिरीकडं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. बायकोला सांगितलं, माल बघून येतो. वाटेत मनाला समजावलं की लांबूनच बघायचं, माणसं खाली गेली की वळायचं.

मिस्त्री माझ्या आधीच येऊन मातीच्या ढिगावर बसला होता. मला बघून थोडा सरकला. मी शेजारी बसलो. क्रेनवाल्यानं इंजिन चालू केलं. मामा आणि भाचा बकेटमध्ये उभे राहिले, तारेला धरून. मामाची बायको काठावर उभी होती, पदर तोंडाशी. बकेट काठावरून सुटली आणि आडव्या हातावर सगळं वजन आलं.

मी जोडावरून नजर काढली नाही. बकेट काठाखाली गेली, डोकी दिसेनाशी झाली, तार एकसारखी सुटत होती. मधेच मी सहज बाजूला बघितलं. मिस्त्रीचं जोडाकडं लक्षच नव्हतं. चष्मा हातात धरून, पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी, तो माझ्या तोंडाकडं बघत होता.